उतरलेलं वजन पुन्हा चढतंय? बिघाड नेमका कुठे आहे ते असं शोधा

"वजन उतरलं होतं हो, पण परत आलं." ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता कुठलं डाएट करू?" आहाराच्या नोंदी तपासून देण्याचं काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायच्या आधी मीच उलटा प्रश्न विचारते: परत कधी आलं? आठवड्यात, दोन-चार महिन्यांत, की वर्षभरात हळूहळू? कारण बिघाड वेगवेगळा असतो आणि उपायही. सगळ्यांना एकच कागद छापून देण्यात अर्थ नाही.

नव्या डाएटचा शोध आधी बाजूला ठेवू. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली ६०९ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना कमी चरबीचं खाणं दिलं, निम्म्यांना कमी कर्बोदकांचं. वर्षाअखेरीस एका गटाचं सरासरी वजन ५.३ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं ६ किलो. फरक लक्षात घेण्याजोगा नव्हता. मात्र दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. म्हणजे 'कुठलं डाएट' यापेक्षा 'कोण ते किती दिवस खाऊ शकतं' हा प्रश्न मोठा. आणि परत येणाऱ्या वजनाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं: उतरवण्यासाठी एक जेवण, आणि उतरल्यावर जगण्यासाठी दुसरंच.

आठवड्यात दोन किलो परत

यात बिघाड नाहीच, तरी माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती याला. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं अचानक कमी केलं, विशेषतः कर्बोदकं तोडली, की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली! आनंदीआनंद. मग एका समारंभात पोटभर जेवलं की साठा भरतो, पाणी परत येतं, त्यात मीठ जास्त पडलेलं असतं, आणि सकाळी काट्यावर दोन किलो जास्त.

इथे कागद-पेन्सिल घ्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन किलो चरबी चढवायला रोजच्या गरजेच्या वर पंधरा हजारांहून जास्त कॅलरी खायला लागतील. खाल्ल्या होत्या का तुम्ही एका दिवसात? मग ते पाणी आहे. दोन-तीन दिवस नेहमीचं जेवण जेवलं की जातं. 'आता सगळं गेलंच' म्हणून हात सोडून देणं, हा त्या समारंभापेक्षा कितीतरी मोठा तोटा.

काटा रोज बघायचा असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी बघा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका, सरासरीला द्या. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठतं आणि विनाकारण मन खट्टू होतं. रोजचा आकडा बघून जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून एकदाच बघा. तेही पुरतं.

खाणं कमी आहे, तरी काटा हलत नाही

"मी काहीच खात नाही" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली झालेल्या एका अभ्यासात, वारंवार डाएट करूनही वजन न उतरणाऱ्या लोकांचं खाणं आणि ऊर्जेचा खर्च प्रत्यक्ष मोजला गेला. त्यांचा चयापचय नॉर्मल निघाला. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. फसवण्याचा हेतू नव्हता. हातून जाणारे घास मोजणीत येतच नव्हते.

एका नोंदवहीचं पान असं असतं: सकाळी दोन अंडी, कॉफी. दुपारी सॅलड. चार वाजता फळ. रात्री सूप. बघताना आदर्श वाटतं. आता त्याच दिवसाबद्दल बसून विचारायचं. अंडी कशात परतली? तेलात. किती? "थोडं." बाटलीतून सरळ तव्यावर ओतलं की 'थोडं' म्हणजे किती ते ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही; १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, आणि हलकी धार सहज दोन चमचे होते. कॉफीत साखर? दोन चमचे, दिवसातून तीनदा. सॅलडवर काय घातलं? घट्ट सॉस. स्वयंपाक करताना चव बघितली? तीन-चारदा. मुलाच्या ताटात उरलेलं? "टाकून कसं द्यायचं?" संध्याकाळी फोनवर बोलता बोलता मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. पानावर न आलेला दिवस पानावर आलेल्याइतकाच जाड असतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण हमखास लागू पडतो: दोन आठवडे, फक्त दोन आठवडे, सगळं लिहा आणि तेल-साखर-सुकामेवा हे तीन पदार्थ मोजून घ्या. भाज्या मोजत बसू नका. लिहायचं खाताना, रात्री आठवून नाही. आयुष्यभर वजनकाटा घेऊन जेवायची गरज नाही. दोन आठवड्यांत डोळ्याला अंदाज बसतो.

याच्याच पोटातला दुसरा बिघाड म्हणजे सुट्टीचे दोन दिवस. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० कॅलरी कमी, म्हणजे २,००० वाचल्या. शनिवार-रविवार रोज हजार जास्त, म्हणजे २,००० गेल्या. हिशेब शून्य. माणूस मात्र सातपैकी पाच दिवस मन मारून राहिलेला असतो, त्यामुळे 'एवढं करूनही काही होत नाही' ही त्याची भावना खरीच असते. त्याला मी पाच दिवस थोडं सैल सोडायला सांगते आणि दोन दिवस थोडं आवळायला. मद्य घेणाऱ्यांनी तेही धरावं. त्याच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, पिठा-साखरेच्या ४ पेक्षा बऱ्याच जास्त.

वर्षभरात हळूहळू सगळं परत

खरा बिघाड हा. आणि यात इच्छाशक्तीला शिव्या घालणारे लोक शरीर कसं चालतं हे विसरतात.

वजन उतरलं की शरीराची रोजची गरज कमी होते. लहान शरीर चालवायला इंधन कमी लागतं, हे उघडच. त्याशिवाय शरीर आणखी थोडी काटकसर करतं. ढोबळमानाने उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. आणि भूक? ती प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर आधीपेक्षा रोज दोन-तीनशे कॅलरी कमी जाळतंय आणि हजारभर जास्त मागतंय. डाएट संपवून तो 'नेहमीच्या जेवणावर' आला की त्या नेहमीच्या जेवणानेच वजन वाढणार. त्याने काही अतिरेक केलेला नसतो.

ही ओढ महिन्याभरात मावळत नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेलं आणि तृप्ती देणारं लेप्टिन घटलेलं दिसलं. वर्षभरानंतरही ते पूर्ववत झालं नव्हतं. त्याच्याही खूप आधी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. चौथाईच्या आसपास वजन गेलं, आणि त्याबरोबर त्यांचं सगळं लक्ष अन्नावर जाऊन बसलं: पाककृतींची पुस्तकं वाचणं, ताटातलं अन्न तासभर चिवडत बसणं. मोकळं खायला मिळाल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही भागेना, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षा जास्त झाली. ते लठ्ठही नव्हते, खादाडही नव्हते. त्यांना दिलेला आहार दिवसाला सरासरी १,५७० कॅलरींचा होता. आज कित्येक 'झटपट' डाएट त्याहून कमी देतात!

मग हळूहळू उतरवलं तर टिकेल का? सगळे तसं सांगतात. पण २०१४ साली ऑस्ट्रेलियातच २०४ जणांवरच्या प्रयोगात एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत, आणि तीनेक वर्षांनी दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आलेलं होतं. फार झपाट्याने उतरवू नये हे खरंच, कारण त्यात पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झिजतात. पण वेग कमी केला म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला, असं मानू नका. रस्ता बंद होतो तो पुढे काय खाता यावर.

म्हणून माझी अट एकच असते. उतरवताना ताटात असं काहीही नको जे पाच वर्षांनी ताटात नसेल, आणि असं काहीही बाद नको जे पाच वर्षं बाद राहणार नाही. भात आवडतो? मग भात ठेवून उतरवा, वाटी लहान करा. गोड सुटणार नाही? आठवड्यात दोनदा ठरवून, ताटलीत घेऊन, बसून खा. जे तुम्ही कायमचं सोडणार नाही ते तीन महिन्यांसाठी सोडलं की चौथ्या महिन्यात ते व्याजासकट परत येतं.

ताटाची रचना सोपी आहे: निम्मं ताट भाज्या आणि फळं, चौथा भाग धान्य, शक्यतो अख्खं, आणि चौथा भाग प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, मांस, जे चालत असेल ते. वजन उतरवताना प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, शिवाय त्यांच्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच खर्च होतात. चरबीच्या बाबतीत हा आकडा फार तर ३ टक्के. नुसत्या सॅलड-सूपवर राहणारे रात्री दहा वाजता फ्रिज उघडून उभे का असतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुपारच्या ताटातल्या या रिकाम्या चौथ्या भागात असतं.

रात्रीच्या खाण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ही तक्रार स्वतंत्रपणे येते. "दिवसभर छान राहतं, रात्री सगळं बिघडतं." इथे रात्र दुरुस्त करायला जाऊ नका, दिवस दुरुस्त करा. न्याहारी आणि दुपारच्या जेवणात प्रथिनं वाढवा, चार-साडेचारला काहीतरी खरं खाणं ठेवा (बिस्किटं हे खरं खाणं नव्हे), आणि आठवडाभर काय होतं ते पाहा. तरीही रात्री भूक लागत असेल तर झोप तपासा. कमी झोपेत भूक वाढते. आणि २०२२ च्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी ज्यांनी झोप तासाभराहून थोडी वाढवली, त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटलं. कुणी त्यांना कमी खा म्हणून सांगितलं नव्हतं. वजनाच्या तक्रारीला 'लवकर झोपा' हा सल्ला फुकटचा वाटतो, म्हणून कुणी घेत नाही.

तिसरी तपासणी पाकिटांची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तितकं खा म्हणून. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, चरबी, तंतू, मीठ सारखंच होतं. तरी पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढली. साध्या अन्नावर तितकीच उतरली. पाकिटावर 'डाएट', 'लो फॅट' असं काहीही छापलेलं असो, ते घरात रोज दिसणार नाही इतकी व्यवस्था करा.

व्यायाम करतो, तरी

मध्यम वजनाचा माणूस तासभर चालला की अडीचशे-तीनशे कॅलरी जातात. घरी येऊन 'आज चाललोय' म्हणून एक गोड पेय घेतलं की निम्म्या परत. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटच करतं. पण उतरलेलं टिकवण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदणी चालू आहे, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची. त्यातले ९० टक्के लोक रोज सरासरी तासभर हालचाल करतात, ७८ टक्के रोज न्याहारी करतात आणि ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. न्याहारीनेच वजन टिकतं असं यावरून सिद्ध होत नाही. पण या लोकांचे दिवस एकसारखे असतात, एवढं नक्की दिसतं. आठवड्यात दोनदा ताकदीचे व्यायामही करा, नाहीतर उतरलेल्या वजनात स्नायू जातात आणि परत येते ती चरबी.

आधी डॉक्टर, मग ताट

काही वेळा ताटात दोष नसतोच. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची आणि फिट्सवरची काही औषधं वजन वाढवतात. औषध सुरू झाल्यानंतर वाढ सुरू झाली असेल तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून औषध बंद करू नका. थकवा, थंडी न सोसणं, केस गळणं, पाळी अनियमित होणं यासोबत वजन वाढत असेल तर थायरॉइड आणि पीसीओएसची (स्त्रियांमधला अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड) तपासणी करून घ्या. पायांवर सूज, धाप आणि काही दिवसांत झपाट्याने वाढ असेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रा न बदलता जेवण कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदरपणात वजन उतरवायला जाऊ नये. आणि खाऊन ओकारी काढणं, लपून खाणं, मग दिवस दिवस उपाशी राहणं असं चालू असेल, तर तिथे डाएटचा कागद नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल विचारणा वाढलीय. ती काम करतात. पण त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे घेताना डॉक्टरांशी 'थांबवायचं कधी आणि कसं' हेही त्याच दिवशी बोलून घ्या.

उतरल्यावरचे पहिले सहा महिने

हव्या वजनाला पोहोचलात की डाएट 'संपवू' नका, वाढवा. दर आठवड्याला दिवसामागे १०० ते १५० कॅलरी वाढवायच्या: एक फळ आणि चमचाभर सुकामेवा, किंवा धान्याची अर्धी वाटी. साप्ताहिक सरासरी चढायला लागली की आधीच्या पायरीवर थांबा. ते तुमचं आत्ताचं नेहमीचं जेवण, जुनं नव्हे.

मग तीन पट्टे आखा. ही कल्पना २००६ साली अमेरिकेत ३१४ जणांवर तपासली गेली, सगळे दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवलेले. गाठलेल्या वजनाच्या वर साधारण १.४ किलोपर्यंत हिरवा, त्यापुढे पिवळा, २.३ किलो ओलांडलं की लाल. दीड वर्षात नुसती पत्रकं मिळालेल्या गटातले ७२ टक्के लोक लाल पट्ट्यात गेले; पट्टे वापरणाऱ्या आणि समोरासमोर भेटणाऱ्या गटातले ४६ टक्के. तेव्हाही निम्म्याच्या आसपास घसरलेच, हे विसरू नका.

सरासरी पिवळ्यात आली तर फक्त नोंदवही काढा आणि तेल-साखर-सुकामेवा आठवडाभर मोजा. बहुतेक वेळा हातच सैल झालेला असतो. दोन आठवडे सलग लाल असेल तर ज्या ताटाने उतरवलं होतं त्याच ताटावर जा. नवीन काही शोधू नका, उपवास नको, ज्यूस नको. अडीच किलो उतरायला पाच-सहा आठवडे लागतील. दहा किलो परत येईपर्यंत काटा कपाटाखाली सरकवून ठेवला, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.